तहाच्या अटींत एक मुलगी

सिल्कोच्या मागण्या लहान नाहीत. नदीपलीकडच्या वस्तीला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता हवी, व्यापाराच्या वाटा खुल्या हव्यात, आजवरच्या गुन्ह्यांना माफी हवी. समोर बसलेला जेस हा श्रीमंत शहराचा तरुण पुढारी. तो नकार देईल, आवाज चढतील, कुणीतरी तावातावानं उठून जाईल, अशी प्रेक्षकाच्या मनाची तयारी झालेली असते. पण जेस मान्य करतो. ज्या स्वातंत्र्यासाठी एक पिढी पुलावर कापली गेली, ते बसल्या जागी, काही मिनिटांत पदरात पडतं. मग जेस आपल्या अटी सांगतो. शिमर या मादक द्रव्याचं उत्पादन बंद करा. चोरलेला स्फटिक परत द्या. आणि जिंक्सला आमच्या ताब्यात द्या.

जिंक्स ही सिल्कोनं वाढवलेली मुलगी.

‘आर्केन’ या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या पहिल्या पर्वातल्या नवव्या, अखेरच्या भागातला हा प्रसंग. मालिका जादूनं, यंत्रांनी आणि हाणामारीनं भरलेली आहे. इथं त्यातलं काहीच नाही. दोन पुरुष बोलतात आणि त्यातला एक गप्प होतो. तरी मालिका पाहिलेली चार माणसं एकत्र बसवा आणि सिल्कोनं तो तह स्वीकारायला हवा होता का, एवढंच विचारा. तासभर कुणी जागचं हलत नाही. हा लेख लिहायचं ठरल्यापासून भेटेल त्याला मी हेच विचारत आले. उत्तरं देताना माणसांचे आवाज चढले, एकदोघांचे डोळे भरले, आणि ज्यांनी आधी ठामपणे ‘हो’ म्हटलं त्यातल्या काहींनी दुसऱ्या दिवशी फोन करून ‘नाही’ सांगितलं. अलीकडच्या दृश्यकथांमध्ये वाटाघाटीचा इतका खरा प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही.

मालिकेचं मूळ एका व्हिडिओ गेममध्ये आहे. अमेरिकेच्या रायट गेम्स कंपनीचा ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा खेळ २००९ साली आला आणि जगभर पसरला. त्यातल्या पात्रांना घेऊन ख्रिश्चन लिंके आणि अ‍ॅलेक्स यी यांनी ही कथा रचली. चित्रं केली पॅरिसच्या फोर्टिश या स्टुडिओनं. पहिलं पर्व नोव्हेंबर २०२१मध्ये तीन आठवड्यांत, दर आठवड्याला तीन भाग असं नेटफ्लिक्सवर आलं. आपल्याकडे तेव्हा भाऊबीज नुकतीच झाली होती, आणि मालिका होती ताटातूट झालेल्या दोन बहिणींची. पुढच्या वर्षी तिला उत्कृष्ट अ‍ॅनिमेशन कार्यक्रमाचा एमी पुरस्कार मिळाला. स्ट्रीमिंगवरच्या मालिकेला तो मान मिळण्याची ही पहिलीच वेळ.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पिल्टोव्हर हे संशोधकांचं, व्यापाऱ्यांचं झगमगतं शहर. त्याच्या खाली, नदीपलीकडे, खाणींची आणि विषारी हवेची वस्ती. तिथले लोक तिला झॉन म्हणू पाहतात. दोन्हींना जोडणारा एक पूल. फसलेल्या उठावात याच पुलावर व्हाय आणि पावडर या बहिणींचे आईवडील मारले जातात. उठावाचा म्होरक्या व्हँडर शस्त्र टाकतो, मुलींना उचलून घरी नेतो आणि पुढं शांततेचा पुरस्कर्ता होतो. त्याचा भावासारखा सोबती सिल्को मात्र लढा सोडायला तयार नसतो. त्यांच्यातला बेबनाव इतका टोकाला जातो, की व्हँडर त्याला नदीत बुडवून मारायला निघतो. सिल्को वाचतो तो एक डोळा कायमचा बिघडवून घेऊन. पुढं व्हँडर मरतो, आपल्याच हातून झालेल्या अनर्थानंतर पावडर बहिणीपासून तुटते, आणि तिला संपवायला आलेल्या सिल्कोच्या गळ्यात ती पोर पडते. तो तिला जवळ घेतो. पावडरची जिंक्स होते : हुशार, भेदरलेली, मनात मेलेल्यांचे आवाज ऐकणारी, आणि माणसं मारणारी.

आता त्या बैठकीकडे परत.

तिच्यातला ताण नीट समजायचा तर आधीच्या भागांत असाच एक सौदा होऊन गेलाय, हे आठवावं लागतं. मालिकेच्या सुरुवातीला व्हाय आणि तिची भावंडं वरच्या शहरात चोरी करतात, तिथं स्फोट होतो, आणि शहराला गुन्हेगार हवा असतो. पोलीसप्रमुख ग्रेसन आणि व्हँडर यांच्यात एक अलिखित समझोता आहे : तू तुझी वस्ती शांत ठेव, मी माझे शिपाई आवरते. तो टिकवायचा तर तिला कुणीतरी एक जण हवा. व्हाय स्वतःला स्वाधीन करायला निघते. व्हँडर तिला कोंडून ठेवतो आणि तिच्या जागी स्वतः जातो. मूल द्यायचं नाही, असं तो ठरवतो, आणि त्याच्या त्या निर्णयातून पुढचा सारा विध्वंस उलगडत जातो. सिल्कोच्या लेखी व्हँडरचा हाच दुबळेपणा होता. आणि काही वर्षांनंतर तोच प्रश्न, तेवढ्याच थेटपणे, सिल्कोपुढं येऊन बसतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. ग्रेसननंतर पोलीसप्रमुख झालेल्या मार्कसला मुठीत ठेवण्यासाठी सिल्को एकदा त्याच्या घरी जातो आणि त्याच्या लहान मुलीजवळ निवांत बसतो. धमकीचा शब्दही उच्चारत नाही. बापाला लेकीवरून कसं नमवायचं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

समोरच्या जेसचे हातही स्वच्छ नाहीत. आदल्या भागात शिमरच्या कारखान्यावर त्यानं छापा घातला, त्यात एक काम करणारं पोर त्याच्या हातून मेलं. तो तहाला आलाय तो त्या प्रेताच्या धक्क्यानं. म्हणजे एका बाजूला एका मुलाला मारून शहाणा झालेला माणूस, दुसऱ्या बाजूला एका मुलीला वाढवून हळवा झालेला माणूस. लेखकांनी हे कुठंही बोलून दाखवलेलं नाही, आणि न बोलल्यामुळेच ते प्रसंगभर जाणवत राहतं.

चित्रकारांच्या कामाबद्दल इथं बोललंच पाहिजे. फोर्टिशनं या मालिकेत अभिनेत्यांच्या हालचाली यंत्रानं टिपून पात्रांवर चढवल्या नाहीत. प्रत्येक भुवई, ओठाची प्रत्येक कड अ‍ॅनिमेटरनं स्वतः हलवलीय, आणि वर रंगाचे फटकारे हातानं दिल्यासारखा पोत. सिल्कोच्या चेहऱ्याची एक बाजू तर जखमेनं करपलेली. त्याचं सगळं मन उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर दाखवायचं होतं. जेसन स्पिसॅक या अभिनेत्यानं त्याला दिलेला आवाज कधीच मोठा होत नाही. आणि तो दुखरा डोळा! त्यात औषधाची सुई टोचावी लागते, आणि ती टोचायला सिल्को जिंक्सला देतो. सगळ्या वस्तीत ज्याच्या जवळ जायची कुणाची छाती नाही, तो माणूस त्या थरथरत्या पोरीच्या हातातल्या सुईपुढं डोळा उघडा ठेवतो. जेसनं तिचं नाव घेतल्यावर मला तीच सुई आठवली.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा आता एक स्वतंत्र प्रकारच झालाय. माणसं मालिका पाहताना स्वतःचा चेहरा चित्रित करतात आणि इतर लोक तो चेहरा पाहतात. या भागाच्या अशा चित्रफिती मी बऱ्याच पाहिल्या. रॉकेट, स्फोट, मारामारी यांना मिळणारा प्रतिसाद सगळीकडे सारखाच. या प्रसंगात मात्र चेहरे वेगवेगळे वागतात. सिल्कोच्या मागण्या मान्य होताना लोक खूश होतात, कुणी टाळी वाजवतं. आठ भाग ज्याला खलनायक मानलं त्याच्या विजयाचा आनंद त्यांना होतो, आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. जिंक्सची अट येताच तीच माणसं मान हलवू लागतात. गंमत अशी, की त्यांतल्या कित्येकांनी थोड्याच वेळापूर्वी जिंक्सला कुणीतरी थांबवा, असं म्हटलेलं असतं.

खेळ खेळणाऱ्यांची आणि न खेळणाऱ्यांची भीतीही निराळी होती. जिंक्स हे पात्र खेळात २०१३पासून आहे. व्हाय, जेस आणि पिल्टोव्हरची पोलीस केटलिन हेही जुने. खेळाडूंना ठाऊक होतं की ही माणसं पुढं जिवंत असणार. सिल्को मालिकेसाठी नव्यानं घडवलेला. खेळात त्याचा मागमूस नव्हता. म्हणजे जिंक्स वाचणार हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला प्रश्न पडला तो वेगळाच : मग किंमत कोण मोजणार? खेळाशी कसलाही संबंध नसलेल्यांना वाटत होतं, तो तिला देईल. दोघांचाही श्वास अडकला, पण वेगवेगळ्या जागी.

माझी भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी पुण्यात शिकतात. त्यांच्यासोबत मी हा भाग पुन्हा पाहिला, आणि त्या दिवशी शेजारचे काकाही येऊन बसले. काका भोसरीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यातून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं युनियनच्या कमिटीवर होते. अ‍ॅनिमेशन ते कधी पाहत नाहीत. भाचीनं त्यांना आधी सगळी नाती समजावून सांगितली, आणि ते खुर्ची पुढं ओढून पाहू लागले.

प्रसंग संपल्यावर बोलले ते आधी काकाच. त्यांच्या अनुभवात करार पैशावरून फारसा फिसकटत नाही. पगारवाढ, बोनस, कँटीन, यांचे आकडे दोन्ही बाजू मनात धरूनच येतात. दोन पावलं तुम्ही मागं, दोन आम्ही. घोडं अडतं ते बडतर्फ कामगारांवर. मागणीपत्र सगळं मान्य, पण संपात पुढं असलेली ही चार पोरं परत घेणार नाही, असं व्यवस्थापन शेवटी सांगतं. आणि ते शेवटीच सांगतं, कारण तोवर बाहेर गेटवर हजार माणसं वाढीव पगाराचा हिशोब करू लागलेली असतात. त्या हजारांसमोर जाऊन करार मोडला म्हणून कोण सांगणार?

“ह्या जेसनं तेच केलं,” काका म्हणाले. “आधी ओंजळ भरून दिलं, मग एक नाव सांगितलं.”

“पण काका, तिनं माणसं मारलीत,” भाचीची मैत्रीण म्हणाली. “ती चार पोरं निर्दोष होती. ही नाही.”

“मारलीत ना? मग तिच्यावर खटला भरा, साक्षी काढा. तहात नाव कशाला घालायचं? तहात घातलं की तो न्याय राहत नाही, देवघेव होते.”

यावर ती मैत्रीण गप्प बसली नाही, आणि तिचं म्हणणं मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली, झॉनमध्ये जी मुलं खाणीतल्या धुरानं खोकून मरतायत त्यांनाही बाप आहेत. सिल्कोचं प्रेम खरं असेल, पण त्याचं बिल त्या मुलांनी का भरायचं? पडद्यावर त्यांचे चेहरे दाखवले नाहीत म्हणून आपल्याला जिंक्सचं वाईट वाटतं. त्यांचे दाखवले असते तर आपण उलट ओरडलो असतो. काकांनी बराच वेळ मान हलवली, पण मत बदललं नाही. मुलींची खिचडी गार झाली आणि वाद चालूच राहिला.

काकांचा मुद्दा प्रत्यक्ष राजकारणात अनेकदा कसाला लागलाय. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ साली शांतता करार झाला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या सशस्त्र गटांचे कैदी दोन वर्षांत सोडायचं ठरलं. आपल्या माणसांना तुरुंगात ठेवून सही करायला ते गट तयार झाले नसते. ज्यांच्या घरची माणसं त्या कैद्यांनी मारली होती त्यांना ते तुरुंगाबाहेर चालत येताना पाहावं लागलं. शांततेची किंमत तिथंही कुणीतरी भरलीच. ती भरणारे मात्र करार करणाऱ्यांहून वेगळे होते. भाचीच्या मैत्रिणीचं बोट नेमकं याच ठिकाणी होतं.

देकार जितका मोठा तितका हा प्रसंग जड का होत जातो, याचं एक उत्तर मानसशास्त्रात सापडतं. जेरेमी जिंजेस, स्कॉट अ‍ॅट्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७मध्ये इस्रायली वसाहतवाले आणि पॅलेस्टिनी यांच्यात केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांपुढं तहाचे काल्पनिक मसुदे ठेवले गेले. जमीन, निर्वासितांचा परतीचा हक्क असल्या गोष्टी ज्यांना पवित्र वाटत होत्या, त्यांना त्यांच्या बदल्यात पैसा किंवा सुविधा देऊ केल्यावर विरोध कमी होण्याऐवजी वाढला. उलट, समोरच्यानं स्वतःला पवित्र असलेलं काही सोडलं, तेव्हा विरोध सैल झाला. मोबदला वाढवून अशा गोष्टीचा सौदा सोपा होत नाही. मोबदला हाच अपमान वाटू लागतो. जेस एकेक मागणी मान्य करतो तेव्हा सिल्कोला, आणि आपल्यालाही, नेमकं हेच होतं. स्वातंत्र्य कमी पडलं म्हणून तो गप्प होत नाही. ते पूर्ण मिळतंय, म्हणून होतो.

मराठी घरात हा प्रसंग पाहताना महाभारत आठवलं नाही तरच नवल. कृष्णशिष्टाई म्हटलं की आपल्याला पाच गावं आणि सुईच्या अग्रावर मावेल एवढीही माती न देणारा दुर्योधन आठवतो. पण उद्योगपर्वात त्याच सभेत पुढं काय होतं, याची चर्चा कमी होते. दुर्योधन रागानं सभा सोडून गेल्यावर कृष्ण उरलेल्या वडीलधाऱ्यांना सांगतो की दुर्योधन, कर्ण, शकुनी आणि दुःशासन यांना बांधून पांडवांच्या हवाली करा आणि तह करा. कुळासाठी एकाचा त्याग करावा. दुर्योधन जन्मला तेव्हा विदुरानंही धृतराष्ट्राला हेच सांगितलं होतं. मुलगा ताब्यात द्या, युद्ध टळेल. अट अक्षरशः जेसचीच. धृतराष्ट्राला ते जमलं नाही, आणि शतकानुशतकं आपण त्याला पुत्रप्रेमानं आंधळा झालेला राजा म्हणून दोष देत आलो.

मग सिल्कोसाठी लोक का रडले? मला यातला फरक मोठा वाटतो. धृतराष्ट्राला मुलगा आणि राज्य दोन्ही हवं होतं. मुलाला धरून ठेवण्यात राज्यही त्याच्याच घरात राहत होतं. सिल्कोच्या बाबतीत मुलगी एका पारड्यात आणि आयुष्यभराचं स्वप्न दुसऱ्यात. तिला ठेवलं की हाती काहीच उरत नाही. शिवाय ती त्याच्या रक्ताची नाही, वारस नाही. वैऱ्याच्या घरातली, ज्याला मारलं त्या व्हँडरची ती मानसकन्या. बैठकीनंतर सिल्को जाऊन बसतो तेही व्हँडरच्याच पुतळ्यापाशी, आणि त्या दगडाला सांगू लागतो, की मुलीसारखं माणसाला मोडून टाकणारं दुसरं काही नाही; तू असा का वागलास ते आता कळलं. ज्या माणसाला भ्याड म्हणून आयुष्य काढलं, त्याच्या शेजारी तो शेवटी येऊन बसतो. प्रेक्षकांना सर्वांत जास्त लक्षात राहिलेला क्षण कुठला, असं विचारलं तर बैठकीपेक्षा अधिक जण या पुतळ्याचं नाव घेतात.

आणि जिंक्स आडून हे ऐकत असते. तिला वाटतं, आपला सौदा झाला. पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे : तिनं मांडलेली ती भयानक मेजवानी, बांधलेला सिल्को, बांधलेली व्हाय, आणि गोंधळात तिच्याच बंदुकीतून सुटलेल्या गोळ्या. कशाच्याही बदल्यात तुला दिलं नसतं, हे तो मरताना तिला सांगतो. म्हणजे बैठकीत जेसला जे उत्तर मिळालं नव्हतं, ते आपल्याला इथं मिळतं. त्याच वेळी वरच्या शहरात जेस तहाचा प्रस्ताव परिषदेपुढं ठेवतो. युद्धाची भाषा करणारेही वळतात, हात वर होऊ लागतात. खिडकीतून जिंक्सनं सोडलेलं रॉकेट येताना दिसतं, आणि पर्व संपतं. तीन वर्षं प्रेक्षक त्या खिडकीपाशी अडकून राहिले.

काही जणांनी मला आग्रहानं सांगितलं, की हा सगळा गैरसमजाचा खेळ आहे. तिनं पूर्ण ऐकलं असतं तर तह झाला असता. मला हे पटत नाही. पूर्ण ऐकलं असतं तरी सिल्कोनं तिला दिलं नसतं, आणि जेसच्या अटींवर तह अडलाच असता. रॉकेटनं एका आधीच मेलेल्या करारावर आग ओतली, एवढंच. शोकांतिका बैठकीतच घडून गेली होती.

दुसरं पर्व नोव्हेंबर २०२४मध्ये आलं. हल्ल्यात परिषदेचे तीन सदस्य गेलेले, त्यांत केटलिनची आई. वरचं शहर सूडाला पेटलेलं, आणि परक्या सेनापती अँबेसाच्या छायेत खालच्या वस्तीवर लष्करी अंमल बसलेला. पुढं एका पर्यायी जगाचा सुंदर भाग येतो, ज्यात सिल्को आणि व्हँडर जुन्या मित्रांसारखे एकाच छपराखाली आहेत. त्या चित्रानं पुष्कळांना आतून हलवलं. पण नंतर कथा जादूकडे, विश्वाच्या अंताकडे आणि महायुद्धाकडे वळली. दोन शहरांमधला मूळ तंटा मागं राहिला, ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली, की तिला केवळ काहींची नाराजी म्हणता येणार नाही. स्वातंत्र्याचा तो मसुदा, ज्यावर जेसनं मत मागितलं होतं, त्याचं नावसुद्धा पुन्हा कुणी काढत नाही.

मला ती तक्रार रास्त वाटते. शेवटी सिल्कोचा उजवा हात असलेली सेव्हिका पिल्टोव्हरच्या परिषदेत बसलेली दिसते; खालच्या वस्तीतल्या बाईला वरच्या शहराच्या सभागृहात जागा मिळालीय. दृश्य काही क्षणांचं आहे. ज्या लेखकांनी दोन माणसांना समोरासमोर बसवून इतकं सगळं घडवून दाखवलं, त्यांनी ही दुसरी बैठक न दाखवता सोडली याची मला खंत आहे. ती जागा सेव्हिकानं कुठल्या अटींवर घेतली, समोर कोण बसलं होतं, स्वातंत्र्याची मागणी कुणी आणि कशाच्या बदल्यात मागं घेतली, आणि या वेळी यादीत कुणाचं नाव होतं, ते मला पाहायचं होतं.